उन्हाचा हिशेब आकारातच मांडावा लागतो

आपल्या शहरांतल्या बांधकामाविषयी एक मत गेल्या तीसेक वर्षांत इतकं मुरलं आहे, की ते मत आहे हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. इमारतीचा आकार ठरवायचा तो भूखंड, नियमावली आणि विक्रीचा दर पाहून. ऊन, वारा, दमटपणा यांचं काय करायचं ते नंतर यंत्रांनी पाहून घ्यावं, असं हे मत. बिल्डरच्या कचेरीत, वास्तुकला महाविद्यालयातल्या ज्यूरीत आणि फ्लॅट बघायला आलेल्या कुटुंबाच्या बोलण्यात ते सारख्याच सहजतेने ऐकू येतं. मला ते चूक वाटतं. ते का चूक आहे, हे इथे मांडायचं आहे.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये. या मताच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे चांगली कारणं आहेत. आजचा इन्व्हर्टर एसी वीस वर्षांपूर्वीच्या एसीपेक्षा पुष्कळ कमी वीज खातो. काच आता पूर्वीची राहिली नाही. उष्णता बाहेरच्या बाहेर परतवणाऱ्या काचा बाजारात मिळतात. गच्चीवर सौर पॅनेल बसवता येतात. ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे कुणीतरी हिशेब तपासलेला असतो. शिवाय मुंबई-पुण्यात जमिनीचा भाव असा, की चौक आणि पडवीची भाषा करणं परवडत नाही. खिडकी उघडावी तर धूळ, डास आणि हॉर्नचा आवाज आत येतो. तेव्हा हवामानाप्रमाणे घर बांधणं ही गावाकडच्या मोकळ्या जागेत शोभणारी हौस आहे, शहराला ती लागू नाही, असा या पक्षाचा निष्कर्ष.

हे मत नवं नाही, आणि ते एकदा पुरतं आजमावून झालेलं आहे. ल कॉर्बुझिए या विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी वास्तुविशारदाने १९३०च्या आसपास असं प्रतिपादन केलं होतं, की यापुढे सर्व देशांना आणि सर्व हवामानांना एकच घर पुरेल. भिंती हवाबंद असतील आणि आतली हवा यंत्र ठरावीक तापमानाला राखील. पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी त्याने बेघरांचं आश्रयस्थान बांधलं, ते १९३३ साली सुरू झालं. त्याची दक्षिणेकडची बाजू अखंड काचेची होती आणि खिडक्या उघडणाऱ्या नव्हत्या. पैसे कमी पडले म्हणून थंडाव्याची यंत्रणा बसलीच नाही, आणि पॅरिससारख्या थंड शहरातही उन्हाळ्यात आत बसवेना. प्रशासनाने खिडक्या उघडत्या करायला लावल्या. महायुद्धानंतर त्याच दर्शनी बाजूवर ऊन तोडणाऱ्या काँक्रीटच्या फळ्या बसल्या.

पुढे हाच माणूस अहमदाबादला आला आणि १९५४ साली त्याने गिरणीमालक संघाची इमारत पुरी केली. तिच्या पश्चिमेच्या फळ्या तिरक्या आहेत, कारण संध्याकाळचं ऊन समोरून येतं. नदीकडच्या पूर्व बाजूच्या फळ्या सरळ काटकोनात आहेत, कारण तिकडून वारा हवा आहे. एकाच इमारतीच्या दोन बाजू वेगळ्या, आणि वेगळ्या असण्याचं कारण आकाशात. ‘एकच घर सगळ्या हवामानांना’ म्हणणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिलेलं हे उत्तर आहे. आपण मात्र त्याने टाकून दिलेलं मत उचललं आणि त्याला आधुनिक समजून बसलो.

आता प्रत्यक्ष उन्हाकडे येऊ. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला झुकतो आणि दुपारी बारालाही क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. याचा अर्थ असा, की दक्षिणेच्या खिडकीला ऊन अडवणं फार सोपं आहे. चार फूट उंचीच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्च ते सप्टेंबर माध्यान्हीचं ऊन काचेला शिवतही नाही, आणि हिवाळ्यात मात्र खालच्या निम्म्या भागातून हवंहवंसं आत येतं. ना वीज लागते, ना देखभाल.

पश्चिमेचं तसं नाही. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजावर पंचवीस-तीस अंशांवर उतरलेला असतो. तोच दोन फुटी छज्जा तिथे जेमतेम फूटभर सावली देतो, बाकीची खिडकी उघडी पडते. पश्चिमेला छज्जा पुरत नाही. तिथे उभ्या फळ्या हव्यात, खोल व्हरांडा हवा किंवा मुळात खिडकीच लहान हवी. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे शिकतो. तरीही आपल्या शहरांतल्या असंख्य टॉवरच्या चारही बाजू सारख्याच असतात. उत्तरेला जी काच, तीच पश्चिमेला. सूर्य कुठून उगवतो याची गंधवार्ता त्या इमारतीला नसते.

चांगली काच हे सांभाळून घेते, असं म्हणतात. हिशेब करून पाहू. बारा फूट रुंद आणि नऊ फूट उंच काचेची भिंत म्हणजे सुमारे दहा चौरस मीटर. एप्रिलच्या निरभ्र दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट एवढं ऊन पडतं. म्हणजे एका दिवाणखान्याच्या काचेवर ६ किलोवॅट. साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते, म्हणजे ४.८ किलोवॅट. एक टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तेव्हा घरात माणूस, दिवा, शेगडी काही नसतानाही फक्त या काचेपायी सव्वा टनाहून मोठा एसी लागला. महागडी काच बसवली तर आत येणारं ऊन पंचवीस-तीस टक्क्यांवर येईल, म्हणजे दीड-पावणेदोन किलोवॅट. तरीही अर्ध्या टनाचा बोजा राहिला, आणि तो त्या काचेच्या आयुष्यभर राहिला. तेच ऊन काचेच्या बाहेर सावलीत अडवलं असतं, तर आकाशातून विखुरलेला थोडासा प्रकाशच आत आला असता.

एसीने काढलेली उष्णता नाहीशीही होत नाही. ४.८ किलोवॅट काढायला एसी सुमारे दीड किलोवॅट वीज घेईल आणि दोन्ही मिळून सव्वासहा किलोवॅट बाहेर गल्लीत फेकेल. ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीसमोर ती हवा येते. हा मुद्दा मला तांत्रिक वाटत नाही, नैतिक वाटतो. एकाच्या इमारतीच्या आकारातली चूक दुसऱ्याच्या घरात उकाडा होऊन शिरते, आणि त्या दुसऱ्याला तक्रार करायला जागा नाही.

सौर पॅनेलचा युक्तिवाद उंच इमारतींच्या बाबतीत तर आकड्यांपुढे टिकतच नाही. वीस मजली इमारत घ्या, मजल्यावर चार घरं, गच्ची ५०० चौरस मीटर. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आग विझवण्याची व्यवस्था वगळून निम्मी गच्ची पॅनेलला मिळाली असं धरू. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर लागतात, म्हणजे २५ किलोवॅट झाले. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. इमारतीला मिळाली १०० युनिटं. ती ८० घरांत वाटली तर घरटी सव्वा युनिट. दीड टनाचा एसी जोरात चालला तर तेवढी वीज तासाभरात संपते. पॅनेल जरूर बसवावेत, जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप त्यावर आनंदाने चालतील. पण पश्चिमेच्या उघड्या काचेचं पाप गच्चीवर धुतलं जाणार नाही.

राहिलं प्रमाणपत्र. इथे बहुतेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे. ग्रीन रेटिंगमध्ये ऊर्जेचे गुण बहुधा तुलनेने दिले जातात: तुमची इमारत एका कल्पित ‘पायाभूत’ इमारतीपेक्षा किती टक्के कमी वीज खाते? अमेरिकेतल्या अॅश्रे संस्थेच्या ९०.१ या मानकातल्या परिशिष्ट ‘जी’ची पद्धत यासाठी जगभर वापरतात, आपल्या ईसीबीसी या ऊर्जाबचतीच्या बांधकाम संहितेतल्या संपूर्ण इमारतीच्या पद्धतीची चौकटही तशीच आहे. या कल्पित इमारतीच्या भिंती, काच, दिवे, एसी मानकाप्रमाणे धरतात. तिचे मजले, तिचं क्षेत्रफळ आणि तिचा आकार मात्र तुमच्या इमारतीसारखाच ठेवतात. परिशिष्टात तिला चारही दिशांना फिरवून सरासरी काढतात, त्यामुळे दिशेचा काहीसा विचार होतो; बाहेरच्या सावलीचेही गुण मिळतात. परंतु इमारत मुळातच चाळीस मीटर खोल आणि मधोमध अंधारी असेल, तर तिची तुलना तितक्याच खोल, तितक्याच अंधाऱ्या जुळ्या भावंडाशी होते. दिवसाढवळ्या दिवे लागणारी इमारत उत्तम दिवे लावून वरचा दर्जा मिळवू शकते. दिव्यांची गरजच पडू नये अशी अरुंद, दोन्ही बाजूंनी उजेड घेणारी इमारत बांधणाऱ्याला त्या अरुंदपणाचं श्रेय या तुलनेत फारसं मिळत नाही, कारण त्याची कल्पित इमारतही अरुंदच धरली जाते. हे मानक लबाडीने केलेलं नाही. यंत्रं आणि भिंती यांची तुलना करायला ते चांगलं आहे. आकार मोजायला ते बनलेलंच नाही. म्हणून प्रमाणपत्र दाखवून ‘आकाराचा प्रश्न सुटला’ म्हणणं तर्काला धरून नाही.

उंच इमारतीला हवामान लागू नाही, या समजाचं उत्तर मुंबईच्या कंबाला हिलवर चाळीसेक वर्षं उभं आहे. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासोबत केलेली कांचनजंगा ही इमारत १९८३ साली पुरी झाली. अठ्ठावीस मजले, सुमारे ८४ मीटर उंची, २१ मीटर बाजूचा चौकोन आणि त्यात बत्तीस घरं. कोरियांच्या पुढचा पेच खास मुंबईचा होता. समुद्राचा वारा पश्चिमेचा आणि समुद्राचं दृश्यही पश्चिमेला. पण दुपारचं ऊन आणि पावसाळ्याची झड हीदेखील त्याच बाजूने. पाठ फिरवावी तर वारा गेला, तोंड करावं तर ऊन-पाऊस अंगावर. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा तोडगा काढला होता: राहत्या खोल्यांभोवती सावलीचा एक पट्टा. कोरियांनी तो पट्टा टॉवरच्या कोपऱ्यांत, दोन मजले उंच बागेच्या रूपाने कोरला, आणि घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवून वाऱ्याला वाट दिली. पाहणाऱ्याला इमारतीचे खोल कापलेले कोपरे शिल्पासारखे दिसतात. ते कोपरे म्हणजे उन्हाला दिलेलं उत्तर आहे.

ती श्रीमंतांची इमारत आहे, असा आक्षेप लगेच येतो, आणि तो खरा आहे. म्हणून त्याच कोरियांचं दुसरं काम सांगतो. गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्वस्त घरांच्या स्पर्धेत त्यांच्या ‘ट्यूब हाउस’ला पहिलं बक्षीस मिळालं आणि १९६१-६२मध्ये अहमदाबादला ते बांधलं गेलं. बाराच फूट रुंदीचं लांबट घर. छप्पर असं उतरतं, की तापलेली हवा त्याच्या पोटाला लागून वर चढते आणि वरच्या झरोक्यातून निघून जाते. तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. दारालगतच्या झडपांनी ती हवा कमीजास्त करता येते. पंख्याचं काम घराच्या उभ्या छेदाच्या रेषेनेच केलं. स्पर्धेत चढून जायच्या बहुमजली इमारती मागितल्या होत्या. कोरियांनी बैठ्या घरांच्या रांगांत तेवढीच घनता साधून दाखवली. ‘दाटीत हे जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी हा नकाशा जरूर पाहावा. ते घर १९९५ साली पाडलं गेलं याचं मला वाईट वाटतं, पण कल्पना पाडता येत नाही.

आकाराची चूक गरिबाला किती महाग पडते, हे मुंबईनेच पाहिलं आहे. २०१८ साली ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास मांडला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचणं मुश्किल. तुलनेने मोकळ्या वसाहतीपेक्षा तिथे क्षयरोगाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. दोन इमारतींमधलं अंतर हाही आकाराचाच भाग असतो. इथल्या रहिवाशाला ‘एसी लावा’ म्हणून सांगणार आहोत का?

आता दुसऱ्या टोकाच्या एका समजालाही उत्तर दिलं पाहिजे, कारण त्याने आपल्याच पक्षाचं नुकसान केलं आहे. हवामानाला धरून बांधणं म्हणजे वाडा बांधणं, असं पुष्कळ सज्जन मानतात. पण महाराष्ट्रात ‘पारंपरिक घर’ असं एक घर कधीच नव्हतं. कोकणातलं घर उतरत्या कौलांचं, लांब पाख्यांचं, चारी बाजूंनी पडव्यांचं. तिथे हवा दमट. मे महिन्यात मुंबईत दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो. रात्र भिंतींना थंड करीत नाही, म्हणून जाड भिंतीचा उपयोग थोडा आणि वाहत्या वाऱ्याचा फार. याउलट मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं आणि खानदेश-वऱ्हाडात धाब्याची: सपाट छपरावर मातीचा जाड थर, रुंद भिंती, लहान खिडक्या. अकोला-जळगावकडे दिवस-रात्रीचा फरक पंधरा अंशांच्या घरात जातो. दुपारची धग जाड भिंत ओलांडून आत पोचेपर्यंत रात्र पडलेली असते, आणि तोवर माणसं गच्चीवर झोपायला गेलेली असतात. मालवणचं घर बीडला नेलं तर भाजून निघेल, बीडचं मालवणला नेलं तर कुजेल. एकाच राज्यातल्या या दोन घरांत समान काही असेल तर ती विचाराची रीत, आणि उचलायची ती रीत. पुण्याच्या वाड्यांच्या जाड भिंतींत आणि भक्कम दिंडी दरवाजात संरक्षणाचा विचारही होता. त्यांतल्या कित्येक खोल्या काळोख्या आणि धुरकट होत्या. ते सगळं हवामानशास्त्र होतं असं म्हणणं इतिहासाला सोडून होईल.

यंत्राला माझा विरोध नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत, म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी, उष्णतेच्या लाटेच्या रात्री एसी लागेल आणि लागावा. धूळ आणि आवाजाचा आक्षेपही खरा आहे. रस्त्याला लागून असलेल्या खोलीची खिडकी काही तास बंद राहणार. प्रश्न तासांचा आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय माणसांना विचारून सुखकर तापमानाचं जे सूत्र काढलं, ते २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत आलं आहे. त्याप्रमाणे बाहेरची सरासरी तीस अंश असताना नैसर्गिक हवेच्या इमारतीतलं माणूस २९ अंशांच्या आसपास सुखात असतं, आणि अडीच अंशांपर्यंतचा वरखाल त्याला चालतो. म्हणजे वारा वाहणाऱ्या आणि ऊन न लागणाऱ्या घरात मुंबईच्या वर्षाचा मोठा भाग पंख्यावर निभतो. उन्हात तापलेल्या काचेच्या खोलीत मात्र जानेवारीतही एसी लागतो. सरकारच्या २०१९च्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’नुसार २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८पर्यंत देशाची थंडाव्याची गरज आठपट होईल. एवढ्या गरजेला फक्त चांगल्या यंत्रांनी पुरं पडता येईल असं मानणं धाडसाचं आहे. एसी दहा-बारा वर्षांनी बदलतो. इमारतीची दिशा, खोली आणि भिंत साठ वर्षं बदलत नाही.

मग आकार का चुकतो? बहुतेक वेळा वास्तुविशारदाच्या अज्ञानाने नव्हे, नियमाने. जानेवारी २०१२मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बदल झाला. तोवर बाल्कनी, फ्लॉवर बेड अशा जागा चटईक्षेत्राबाहेर राहत. त्यांचा बेसुमार गैरवापर होत होता, बाल्कनी ‘आत घेऊन’ तिची खोली करणं सर्रास चाले. त्याला आळा घालायला या जागा मोजणीत आणल्या आणि भरपाई म्हणून निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय, म्हणजे हवं तिथे वापरता येणारं जादा चटईक्षेत्र, दिलं. हेतू चांगला होता. परिणाम असा, की सावलीचा चौरस फूट आणि खोलीचा चौरस फूट यांची किंमत एक झाली. त्या तराजूत बिल्डर खोलीच निवडणार, आणि फ्लॅट घेणारं कुटुंबही. आजच्या नियमांत कांचनजंगाच्या बागा काढायच्या तर मोठा खर्च सोसावा लागेल.

तेव्हा मागणी अशी. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या बाजूला, दोन मजले उंच आणि दोन बाजूंनी उघडा असा व्हरांडा चटईक्षेत्रातून वगळावा. तो इतका उंच असला की आत घेणं सोपं राहणार नाही. मंजुरीच्या नकाशांत पश्चिम दर्शनाचा एप्रिलमधला दुपारी चारच्या सावलीचा नकाशा सक्तीचा करावा. संगणकावर तो काही मिनिटांत निघतो. रेटिंग देणाऱ्या संस्थांनी दर चौरस मीटरला प्रत्यक्ष किती वीज लागली तो आकडा प्रमाणपत्रावर छापावा, टक्केवारीच्या आड ठेवू नये. आणि वाचकहो, घर घ्यायला जाल तेव्हा गाडी कुठे लावायची हे विचारण्याआधी पश्चिम कुठे आहे आणि तिथे सावली कशाची आहे, हे विचारा. हवा एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर जाते का, तेही विचारा. नमुना फ्लॅट सकाळी अकराला दाखवतात. तुम्ही संध्याकाळी चारला जा.